तोकोआचें मातीचें धरण व त्याचें विहारतळें

महोत्सव हा केवळ आनंदाचा दिवस नव्हे. तो हिशेबाचाही दिवस होय. जुन्या करारांतील इस्राएल लोकांस दर पन्नासाव्या वर्षीं महोत्सव पाळण्याची आज्ञा होती. त्या वर्षीं जमिनीस विसांवा मिळे, विकलेलीं वतनें मूळ घराण्यांकडे परत जात आणि दास झालेले बांधव मोकळे होत. वाडवडिलांकडून आपणांस काय मिळालें आणि तें आपण कोणत्या स्थितींत ठेविलें आहे, हा प्रश्न त्या आज्ञेच्या पोटीं होता. आपलें देवमंदिर, आपली शाळा, आपल्या विहिरी व बांध हीं सर्व आपण उभारलेलीं नाहींत. तीं आपल्या हवालीं झालेलीं आहेत. जें हवालीं झालें त्याची राखण न केल्यास काय घडतें, हें दाखविणारी एका लहानशा मातीच्या धरणाची हकीकत या प्रसंगीं धर्मग्रामांतील बंधुभगिनींपुढें मांडावी, असा या लेखाचा हेतु आहे. हकीकत दूर देशची आहे. परंतु माती, पाणी आणि मनुष्याचा आळस हीं तिन्ही सर्व देशांत सारखींच असल्यामुळें ती आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया हें दक्षिणेकडील एक संस्थान. त्याच्या ईशान्य कोपऱ्यांतील डोंगराळ मुलखांत तोकोआ नांवाचें गांव आहे. गांवाजवळून त्याच नांवाचा ओढा वाहतो व एके ठिकाणीं तो १८६ फूट उंचीच्या कड्यावरून खालीं कोसळतो. ‘तोकोआ’ या चेरोकी शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा सांगतात, आणि तो धबधबा पाहणारा कोणीही या अर्थाबद्दल वाद घालणार नाहीं. या धबधब्याच्या पायथ्याशीं एक ख्रिस्ती विद्यालय आहे. रिचर्ड फॉरेस्ट नांवाच्या उपदेशकानें तें १९०७ सालीं स्थापिलें व १९११ सालीं तें या ठिकाणीं आणिलें. गरीब घरच्या तरुणांना पवित्र शास्त्राचें शिक्षण देऊन धर्मसेवेस तयार करावें, हा त्याचा उद्देश. हें विद्यालय आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचें नव्हे. तें प्रोटेस्टंट पंथाच्या अलायन्स मिशनशीं संबंध ठेवणारें. याच मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या वऱ्हाडांत, विशेषतः अकोल्याच्या बाजूस, मराठी भाषेंत काम करीत आले. तेव्हां तोकोआचें नांव मराठी ख्रिस्ती समाजास अगदींच अनोळखी समजण्याचें कारण नाहीं.

धबधब्याच्या वरच्या अंगास, डोंगराच्या कुशींत, १८९९ सालीं एक छोटासा बांध घालण्यांत आला. लाकडाचा सांगाडा करून त्यांत दगड भरावयाचे, अशी त्याची रचना होती. अडविलेलें पाणी नळानें खालीं आणून धबधब्याच्या पायथ्याशीं वीज उत्पन्न करीत. पुढें विद्यालयास अधिक भरंवशाच्या विजेची गरज भासूं लागली, तेव्हां १९३७ च्या सुमारास त्या जुन्या दगडी बांधावरच मातीची भर घालून मातीचें धरण तयार करण्यांत आलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर पाणी अधिक सांठावें म्हणून तें आणखी उंच केलें. अशा रीतीनें पिढी-दरपिढी थर चढत जाऊन अखेरीस धरणाची उंची सुमारें ४२ फूट, लांबी सुमारें ४०० फूट व माथ्याची रुंदी सुमारें २० फूट झाली. त्यामागें सुमारें ४० एकरांचें तळें पसरलें. त्यास केली बार्न्स तलाव असें नांव होतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या धरणाचा कोणताही नकाशा नव्हता. कोणी अभियंत्यानें गणित करून तें आंखलें नव्हतें. गरज पडली तेव्हां जवळची माती आणून ओतली, पुन्हां गरज पडली तेव्हां पुन्हां ओतली. हें काम ज्यांनीं केलें ते वाईट लोक नव्हते. ते काटकसरी, कष्टाळू व देवभीरु होते. अपुऱ्या पैशांत विद्यालय चालवावयाचें, म्हणून जें हातानें होईल तें हातानें करावें, ही त्यांची रीत होती. आपल्याकडील अनेक देवळें व शाळा अशाच रीतीनें उभ्या राहिल्या असल्यामुळें त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस सहसा पोंचत नाहीं. प्रश्न बांधणाऱ्यांचा तितका नाहीं, जितका पुढील राखणाऱ्यांचा आहे.

१९५७ सालीं येथील वीज उत्पन्न करणें बंद पडलें. बाहेरून वीज मिळूं लागली होती व जुन्या यंत्राची जरूर उरली नव्हती. त्या दिवसापासून धरणाचें मूळ प्रयोजन संपलें आणि तळें केवळ विहारासाठीं उरलें. डोंगरांतील शांत पाणी, कांठावर झाडी. विश्रांतीस याहून रम्य स्थळ कोणतें? विहार ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. देवानें सातवा दिवस विसाव्यासाठींच दिला आहे. परंतु प्रयोजनाबरोबर पहारा जातो, हा अनुभव मात्र फार जुना आहे. जोंवर धरणाच्या पाण्यावर दिवे लागत होते, तोंवर पाणी कमी झालें, नळ तुंबला, मोरी बुजली, कीं कोणीतरी तिकडे धांव घेणें भाग होतें. तळें नुसतें शोभेचें झाल्यावर त्याकडे पाहणारे पुष्कळ झाले, तपासणारा कोणी राहिला नाहीं.

मातीचें धरण म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दगडी धरण आपल्या वजनानें व चुन्यासिमेंटाच्या बळानें पाणी अडवितें. मातीचें धरण आपल्या जाडीनें व उतारानें अडवितें. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू ऐसपैस व सौम्य उताराच्या असाव्या लागतात. मातींतून थोडें पाणी नेहमींच झिरपतें आणि त्यांत भय नसतें. झिरपणारें पाणी स्वच्छ असलें तर धरण सुरक्षित समजावें. तें गढूळ येऊं लागलें, तर पाणी धरणाच्या पोटांतील माती वाहून नेत आहे आणि आंतल्या आंत बोगदा पडत आहे असें समजावें. झाडांचीं मुळें खोल गेलीं आणि पुढें कुजलीं, कीं त्यांच्या जागीं पोकळ्या राहतात. घुशी, खेकडे यांचीं बिळेंही पाण्यास वाट करून देतात. तलावाची पातळी खालीं आणतां यावी म्हणून तळाशीं मोरी असावी लागते, आणि पुराचें पाणी धरणाच्या माथ्यावरून न जातां बाजूनें निघून जावें म्हणून सांडवा मोकळा असावा लागतो. एवढें पाळलें तर मातीचें धरण शेंकडों वर्षें टिकतें. न पाळलें तर त्याचें आयुष्य एका पावसावर अवलंबून असतें.

तोकोआच्या धरणांत यांपैकीं बहुतेक उणिवा होत्या. पाण्याबाहेरचा उतार अतिशय उभा होता. जितकी उंची, जवळजवळ तितकाच पाया. त्या उतारावर मोठमोठीं झाडें वाढलीं होतीं. तळाची मोरी निकामी झाल्यामुळें संकटकाळीं तलाव रिकामा करण्याची सोय राहिली नव्हती. १९७३ सालीं उताराचा सुमारें १२ फूट उंच व ३० फूट रुंद असा भाग घसरून खालीं आला होता. पुढील चौकशींत त्याचें छायाचित्रही उपलब्ध झालें. म्हणजे धरणानें आपल्या परीनें इशारा दिला होता. तो वाचण्यास शिकलेला मनुष्य तेथें नव्हता, आणि तशा मनुष्यास बोलावून आणणें हें कोणाही एकाचें नेमलेलें काम नव्हतें.

१९७७ च्या नोव्हेंबर महिन्यांत, २ तारखेपासून ५ तारखेपर्यंत त्या भागांत सुमारें ७ इंच पाऊस पडला. आपल्या कोंकणांत सात इंच पाऊस एका दिवसांत पडतो व कोणी त्याची फारशी चर्चाही करीत नाहीं. तेथेंही तो प्रलयाचा पाऊस नव्हता. शनिवार, ५ तारखेस संध्याकाळपासून मात्र त्याचा जोर वाढला. विद्यालयाच्या वसाहतींतील स्वयंसेवक अग्निशामकांपैकीं कांहींजण त्या रात्रीं धरण पाहून आले. त्यांना भयाचें असें कांहीं दिसलें नाहीं. अंधारांत, पावसांत, झाडीनें झांकलेल्या उतारावर त्यांना दिसणार तरी काय? त्यांनीं आपलें कर्तव्य केलें. पण जें दिवसाउजेडीं, वर्षानुवर्षें पाहावयाचें होतें, तें एका रात्रींत कंदिलाच्या उजेडानें पाहून होत नाहीं.

रविवारीं, ६ तारखेस, पहाटेपूर्वीं दीड वाजण्याच्या सुमारास धरण फुटलें. त्या वेळीं तलावांत सुमारें ६३० एकर-फूट पाणी होतें. आपल्या मापानें सांगावयाचें तर सत्त्याहत्तर कोटि लिटरांहून अधिक. धरणाच्या खालच्या बाजूस पाण्याचा लोंढा दर सेकंदास सुमारें २४,००० घनफूट इतका होता, असें मागाहून मोजणी करणाऱ्यांनीं ठरविलें. तो लोंढा १८६ फुटांच्या कड्यावरून खालीं कोसळला आणि ओढ्याच्या कांठीं झोंपलेल्या वसाहतींत शिरला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा तळमजला पाण्यानें भरला. त्याच्या खालच्या अंगास, सपाट जागेवर, विवाहित विद्यार्थी व शिक्षक यांचीं कुटुंबें राहात असत. त्यांचीं घरें चाकांवर आणून ठेविलेलीं हलकीं घरें होतीं. पाण्यानें तीं उचललीं, एकमेकांवर आपटलीं आणि फोडून टाकलीं. सारा प्रकार कांहीं मिनिटांत आटोपला. एकोणचाळीस माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं सुमारें निम्मीं लहान मुलें होतीं.

उजाडल्यावर तो प्रभूचा वार होता. ज्या घंटेनें उपासनेस बोलवावयाचें त्या वेळीं लोक चिखलांत आपलीं माणसें शोधीत होते. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे जॉर्जियाचेच. त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर लागलीच तेथें येऊन दुःखितांस भेटल्या. ज्यांचीं मुलें गेलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांचें धैर्य व श्रद्धा पाहून त्या स्वतःच सांत्वन पावून गेल्या, असें त्या काळच्या वृत्तांतांवरून दिसतें. ही गोष्ट आपण विभक्त बंधूंविषयींच्या आदरानें नमूद करूं या. मरणाच्या छायेंत देवाची स्तुति करणारा कोणत्याही मंडळीचा असो, तो ख्रिस्ताचा साक्षीदार होय.

परंतु याच ठिकाणीं एक कठीण प्रश्न उभा राहतो. देवाच्या सेवेस वाहून घेतलेल्या लोकांवरच हा घाला कां यावा? आपल्या प्रभूपुढेंही असाच प्रश्न आला होता. सिलोआमाचा बुरुज कोसळून अठरा माणसें मेलीं, तीं यरुशलेमांतील इतरांहून अधिक पापी होतीं काय, असें विचारून त्यानें स्वतःच ‘नाहीं’ असें उत्तर दिलें, आणि जे जिवंत होते त्यांना पश्चात्ताप करावयास सांगितलें. मेलेल्यांचीं पापें मोजूं नका, आपलीं मोजा, हें त्या उत्तराचें सार. तोकोआच्या पुरास ‘दैवी कोप’ म्हणणें सोपें आहे. पण तसें म्हटल्यानें देवावर आळ येतो व मनुष्याची सुटका होते. पाऊस देवाचा होता. उभा उतार, बुजलेली मोरी व वाढलेलीं झाडें हीं देवाचीं नव्हतीं.

सरकारी चौकशी मंडळानें धरणाची बारकाईनें तपासणी केली. पाणी माथ्यावरून वाहून गेल्यामुळें धरण फुटलें, असें त्यास आढळलें नाहीं. कोणतेंही एकच कारण निश्चित सांगतां येत नाहीं, अनेक दोष एकवटले, असा मंडळाचा निर्णय पडला. त्यांत उभा उतार घसरणें व आंतून पाणी पाझरून माती वाहून जाणें हीं मुख्य मानण्यांत आलीं. या निर्णयांत मोठा बोध आहे. एखादा मोठा अपराध शोधूं गेलें तर तो सांपडत नाहीं. सांपडतात त्या लहान लहान हयगयी. प्रत्येक हयगय क्षमा करण्याजोगी, पण सर्व मिळून एकोणचाळीस प्रेतें.

या घटनेपूर्वीं अठ्याऐंशी वर्षें त्याच देशांत दुसरें एक विहारतळें फुटलें होतें. तें मात्र लहान नव्हतें. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत जॉन्सटाउन या लोखंडाच्या कारखान्यांच्या शहरावर सुमारें १४ मैल अंतरावर, साउथ फोर्क येथें, कालव्यास पाणी पुरविण्यासाठीं सरकारनें मातीचें धरण बांधिलें होतें. आगगाडी आल्यावर कालवा निरुपयोगी ठरला व धरण विकलें गेलें. मधल्या एका मालकानें तळाचे लोखंडी नळ काढून मोडींत विकले. १८७९ सालीं पिट्सबर्गच्या धनाढ्यांच्या मंडळानें तें विहारासाठीं घेतलें. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक यांसारखे लक्ष्मीपुत्र त्याचे सभासद होते. नळ पुन्हां बसविले नाहींत. माथ्यावरून गाड्या जाव्या म्हणून माथा खालीं केला. तलावांत सोडलेले मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लाविल्या. खालच्या कारखान्याच्या प्रमुखानें अभियंता पाठवून धोका दाखवून दिला, तेव्हां भिण्याचें कारण नाहीं असें उत्तर मिळालें. ३१ मे १८८९ रोजीं मुसळधार पावसांत पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, धरण फुटलें आणि २,२०९ माणसें मेलीं. त्यांपैकीं सातशेंहून अधिक जणांची ओळखही पटली नाहीं. आपल्या कॅथोलिक बंधूंचें संत योहान यांचें देवमंदिर त्याच रात्रीं आगींत भस्म झालें. पुढें तें नव्यानें बांधण्यांत आलें. न्यायालयांत मंडळावर कसलीही जबाबदारी शाबीत झाली नाहीं. माशांसाठीं जाळी लावणारांस माणसें दिसलीं नाहींत, हेंच त्या इतिहासाचें तात्पर्य.

दोन्ही तळ्यांत फरक मोठा आहे. एक श्रीमंतांच्या चैनीचें, दुसरें गरीब विद्यार्थ्यांच्या विसाव्याचें. एकांत इशारा कानांआड केला गेला, दुसऱ्यांत तो कोणास वाचतां आला नाहीं. पण पाण्यानें तो फरक मानला नाहीं. हेतु चांगला असला म्हणजे धरण पक्कें होतें, असें नाहीं. भक्तीनें दक्षतेची जागा भरून निघत नाहीं. उलट, खरी भक्ति दक्षतेस अधिक बांधलेली असते. अनुवादाच्या पुस्तकांत नवें घर बांधणारास अशी आज्ञा आहे कीं, त्यानें गच्चीस कठडा करावा, नाहींतर तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. कठडा ही गवंड्याची बाब; पण देवाच्या नियमशास्त्रांत तिला जागा मिळाली आहे, हें आपण विसरूं नये.

तोकोआच्या बळीनें एक काम मात्र केलें. अमेरिकेंत १९७२ सालींच खाजगी धरणांच्या तपासणीचा कायदा झाला होता. परंतु त्यासाठीं पैसा न मिळाल्यामुळें तो कागदावरच राहिला होता. तोकोआनंतर राष्ट्राध्यक्षांनीं लष्करी अभियंत्यांस तपासणी सुरू करण्याचा हुकूम दिला. १९८१ पर्यंत सुमारें ९,००० धोकादायक ठिकाणचीं धरणें पाहण्यांत आलीं व त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश असुरक्षित आढळलीं. जॉर्जियानें १९७८ सालीं धरणांच्या सुरक्षिततेचा आपला कायदा केला. ज्या ठिकाणीं धरण होतें तेथें पुन्हां तलाव केला नाहीं. विद्यालय मात्र उठलें नाहीं. तें त्याच पायथ्याशीं आपलें काम करीत राहिलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें मातीचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें दगडी धरण फुटलें आणि पुणें बुडालें. हें वृद्ध वाचकांस आठवत असेल. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवऱ्याचें लहान मातीचें धरण फुटलें व वीसच्या आसपास माणसें वाहून गेलीं. धरण गळतें आहे अशी तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. खेकड्यांनीं धरण पोखरलें, असेंही त्या वेळीं सांगण्यांत आलें आणि लोकांनीं त्यावर संतापून टीका केली. खेकडे बिळें करतातच; म्हणून तर राखणदार ठेवावयाचा असतो. १८८९, १९७७, २०१९ : सालें बदललीं, कथा बदलली नाहीं. २०२१ सालीं आपल्या संसदेनें धरण सुरक्षा अधिनियम केला. पण त्याचा रोख मुख्यतः मोठ्या धरणांकडे आहे. लहान बांध अजून गांवाच्याच विवेकावर सोंपविलेले आहेत.

आणि तो विवेक आपल्या वाडवडिलांपाशीं होता. गोमंतकांतील खाजणांचे बांध पाहा. खाडीचें खारें पाणी भातशेतींत येऊं नये म्हणून माती, पेंढा व चिरे यांनीं ते घातलेले. पाण्याच्या येण्याजाण्यास ‘मानस’ नांवाच्या लांकडी दारांची योजना. हे बांध शेंकडों वर्षें टिकले ते मातीच्या गुणामुळें नव्हे. बांधाची देखरेख हें गांवकरीचें ठरलेलें काम होतें. भोंक लहान असतांना तें बुजवावयाचें, हें कोणाचें तरी नेमलेलें कर्तव्य होतें. वसईच्या वाड्यांतील बावखलांचीही तीच गोष्ट. तीं केवळ पाणी सांठविण्याचे खड्डे नव्हते. त्यांवर बागायत जगे, विहिरींस पाझर मिळे, पावसाचें पाणी मुरे. रहाट गेले, पंप आले, बावखलांचें प्रयोजन संपलें असें लोकांस वाटलें, आणि ज्यांची राखण सुटली तीं कचऱ्यानें व भरावानें बुजलीं. पुढें पावसाळ्यांत घरांत पाणी शिरूं लागलें तेव्हां त्यांची आठवण झाली. तोकोआचें तळें प्रयोजन संपल्यावर फुटलें, आपलीं तळीं प्रयोजन संपल्यावर बुजलीं. दोहोंचें मूळ एकच.

मिस्सेच्या आरंभीं आपण जें केलें त्याबद्दलच नव्हे, तर जें करावयाचें राहून गेलें त्याबद्दलही क्षमा मागतों. कर्तव्यलोपाचें पाप गाजत नाहीं, तें झिरपतें. कुटुंबांत, शाळेंत, धर्मग्रामांत असेंच असतें. धर्मशिक्षणाचा एक वर्ग बंद पडला, एका आजाऱ्याची भेट राहिली, दोन घरांतील अबोला मिटवावयास कोणी गेलें नाहीं. बाहेरून बांध उभाच दिसतो. पाणी गढूळ येऊं लागलें कीं काय, हें पाहणारा कोणीतरी असला पाहिजे.

ज्यांनीं हें देवमंदिर व हा धर्मग्राम उभारला, त्यांच्यापुढें आज आपण कृतज्ञतेनें मस्तक नमवितों. त्यांनीं पुष्कळदां अपुऱ्या साधनांनीं, हातीं येईल त्या मातीनें बांधिलें. त्यांचें ऋण फेडण्याचा मार्ग एकच : बांधावरून रोज फेरी घालणें. पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीनें प्रभु आपणांस ती दक्षता देवो, आणि पुढील महोत्सवीं आपल्या मुलांच्या हवालीं जें करावयाचें, तें आपणांस मिळालें त्याहून बळकट असें त्यांच्या हातीं पडो.